अद्रक

"पुस्तक मिट, आई, टॅक्सी बाहेर उभी आहे."

आशिषने चपलाही काढल्या नव्हत्या. झाशीचं लक्ष्मी गेटचं घर सोडून आई पुण्याला येणार, असं ठरलं होतं. तिने मात्र परस्पर झाशीजवळच्याच बरुआसागरला या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि सामानही आणून टाकलं. तो तिला न्यायलाच आला होता.

शकुंतलाबाईंनी बोट घालून पुस्तक मिटलं. रिटायर झाल्यापासून त्यांना असल्या पुस्तकांचं एकच वेड होतं. कुणी बाई परमुलखातल्या खेड्यात पडकं घर घेते, चुकतमाकत पाव मागते, गाव हसतं, आणि हळूहळू ती तिथलीच होते.

"या पुस्तकांनीच डोकं फिरवलंय तुझं. त्या बायकांचे गुडघे धड असतात. तू बाथरूममध्ये पडलीस तर कौन उठाएगा?"

या प्रश्नाची भीती त्यांनाही होती. "शेजारी रामकली आहे," त्या म्हणाल्या.

"रामकली! अगं, आठ पिढ्या झाल्या आपल्याला इकडे येऊन. आता तरी देशी चल."

महाराष्ट्राला त्यांच्या घरात अजून देशच म्हणत. मागच्या वर्षी त्या देशी जाऊन आल्या होत्या. मंडईत त्यांनी अद्रक मागितलं, तर चांगला मराठी भाजीवाला हिंदीत म्हणाला, "कहाँ से आई हो, अम्मा?" आणि आशिष कानाशी पुटपुटला होता, "आलं म्हण ना." पोटच्या पोराला आपली लाज वाटली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

"तुझ्या देशी मी परकीच रे," त्या म्हणाल्या. "इथे मागितलेलं लोकांना कळतं तरी."

बाहेर हॉर्न वाजला. आशिष ताडकन उठून आत गेला. भांडी आदळल्याचे आवाज आले. आता हा सामान बांधणार, या धास्तीने शकुंतलाबाईंनी पुस्तक घट्ट धरलं.

"आई," आतून तो ओरडला, "चहाला अद्रक कुठे ठेवलंय?"

शकुंतलाबाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं.

"मागे कुंडीत. रामकलीने लावून दिलंय. जरा उकर."

 थोड्या वेळाने तो चहा घेऊन आला. हात मातीने भरले होते. दोघांनी चहा घेतला. हॉर्न पुन्हा वाजला.

"तुझं तिकीट कॅन्सल करतो," बॅग उचलत तो म्हणाला. दारात थांबून त्याने खिशातला रुमाल उघडला. आत कोंब फुटलेला एक तुकडा होता.

"पुण्यात रुजेल हे?"

"लावून बघ," शकुंतलाबाई म्हणाल्या.