गोजाबाईची बोलणी

चाकणच्या कंपन्यांची निळी छपरं जिथं संपतात तिथून वाघजाईचा डोंगर सुरू होतो. तो निम्मा चढून माणूस 'आता पुरे' म्हणतो, नेमक्या त्या ठिकाणी, खिंडीत, गोजाबाईचं दुकान आहे. पत्र्यावर लाल रंगात लिहिलंय 'वाघजाई जनरल स्टोअर्स'. ओटीचा नारळ, गुडघ्याचा बाम, पायमोजे, छत्र्या, बिस्किटं, चार्जर, झालंच तर डांबरगोळ्या, सगळं मिळतं. डोंगरावर डांबरगोळ्या कोण घेणार, असं तिचे मालक भिमाजी अधूनमधून विचारत. गोजाबाईचं उत्तर ठरलेलं, "आन् कुणी मागितल्या तर?"

दुकानात आणखी एक गोष्ट मिळायची, तीही न मागता. गोजाबाईची बोलणी. चपलेचा अंगठा तुटका दिसला, बोलणी. उपाशीपोटी चहा मागितला, बोलणी. पाण्याची बाटली रिकामी करून झुडपात भिरकावली, मग तर विचारूच नका, त्या माणसाची ती बाटली घेऊन खालपर्यंत जाईस्तोवर पाठ सुटायची नाही. यात तिला वावगं काही वाटत नव्हतं. समोर चुकीचं दिसलं की तोंड उघडायचं, जशी शिंक आली की शिंकायचं.

मग सून अपेक्षानं दुकान मोबाईलच्या नकाशावर टाकलं.

अपेक्षा पिंपरी कॅम्पातल्या कापडदुकानदाराची मुलगी. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं याचं बाळकडू मिळालेली. आवाज इतका मऊ की दूध उतू चाललं तरी ती दुधाला 'अहो' म्हणेल. एका बुधवारी संध्याकाळी ती फोन हातात घेऊन सासूजवळ आली आणि चाचरत म्हणाली, "आत्या, आपल्या दुकानाबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी लिहिलंय."

"वाच की मग."

"'दुकानात सगळं मिळतं. मी फक्त सिगारेट मागितली होती. मालकीणबाईंनी माझ्या फुप्फुसांपासून माझ्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. बाई फार बोलतात. एक तारा.'"

"येक तारा म्हंजी?"

"पाचातला एक, आत्या."

गोजाबाईनं वरणाला फोडणी दिली, तीही आवाज न करता. आपण लोकांच्या भल्याचं बोलतो असं ती समजत होती. आणि लोक खाली जाऊन असं लिहितात! रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या तिनं भिमाजींना विचारलं, "अवो, मी लई बोलती का वो?"

भिमाजींनी पांघरूण डोक्यावर ओढलं. "झोप आता," एवढंच म्हणाले. जन्मभराच्या संसारात शहाणपण आलेलं माणूस ते.

गोजाबाईनं मनाशी पक्कं केलं. उद्यापासून गोड बोलायचं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. कंपन्यांना सुट्टी, त्यामुळं डोंगरावर गर्दी. सकाळीच एक जण उन्हाची टोपी घ्यायला आला. त्याच्या सदऱ्याची बटणं अशी लागली होती की एक टोक ढोपराकडं आणि एक बेंबीकडं. गोजाबाईच्या जिभेवर वाक्य तयार झालं. तिनं ते गिळलं. "या, बसा, आपलं स्वागत हाय," ती म्हणाली, आणि तिला उचकी लागली.

पुढचा आला तो तापलेल्या कातळावरून अनवाणी, बूट गळ्यात अडकवून. का, तर नवे बूट खराब होतील. गोजाबाईनं तेही गिळलं. उचकी वाढली. एका बाईनं लहानग्याला दोन्ही हातांत वेफर्सच्या पिशव्या दिल्या होत्या आणि वर तक्रार करत होती की पोरगं जेवत नाही. गोजाबाई नुसती हसली, इतकी हसली की गाल दुखायला लागले. उचकी अशी जोरात आली की फळीवरची बामाची डबी खाली पडली.

"आत्या, पाणी घ्या," अपेक्षा म्हणाली.

"नको. हिक्. बरी हाय मी. हिक्. आपलं स्वागत हाय!" हे शेवटचं तिनं चुकून भिमाजींनाच म्हटलं. ते घाबरून दुकानामागं निघून गेले.

अकराच्या सुमाराला पाच-सहा तरुण पोरापोरींचं टोळकं दुकानासमोर येऊन थांबलं. खालच्या, गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीतली मंडळी, कुणी लातूरकडची, कुणी कोकणातली. सगळ्यांत पुढं होती निशिगंधा नावाची उंच, तरतरीत मुलगी. तिच्यामागं तिची पिशवी खांद्यावर घेतलेला, घामानं निथळणारा प्रज्वल. ते सगळे एकमेकांना ढकलत होते, खिदळत होते, आणि गोजाबाईकडं असं बघत होते जसं लोक जत्रेतल्या पाळण्याकडं बघतात.

"मावशी," निशिगंधा म्हणाली, "सिगारेट हाय का?"

गोजाबाईनं पोरीकडं बघितलं. एवढी गोड पोर, आणि! "न्हाई बाळा. हिक्. लिमलेटच्या गोळ्या देऊ का?"

टोळक्याचे चेहरे पडले. प्रज्वलनं पुढं होऊन उगाच एक रिकामी बाटली झुडपाकडं उगारली. गोजाबाईनं डोळे मिटून घेतले. "असू दे... हिक्... असू दे हो दादा."

"अगं, ह्या त्या नाहीयेत," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"हेच की दुकान! फोटो तर हाच हाय." निशिगंधा फळीवर दोन्ही कोपरं टेकून उभी राहिली. "मावशी, खरं सांगा, तुमीच का त्या? आमी ते वाचून आलोय. फुप्फुसांपासून आजोबांपर्यंत! सिगारेट कुणी पीत न्हाई आमच्यात. आमाला नुसती बोलणी पाह्यजेत."

गोजाबाईला वाटलं, पोरं थट्टा करतायत. "बोलणी? ती कशापायी?"

निशिगंधा हसत होती, पण जरा हळू बोलायला लागली. "मावशी, घर सोडल्यापासून कुणी बोलंनाच गेलंय. आई फोनवर नुसतं गोडगोड बोलती. जेवलीस का बाई, बरी आहेस ना बाई. घरी होते तवा दिवसातून दहादा शिव्या खायचे. लांब गेलं की माणसं रागवायचीच बंद होतेत. म्हणलं, एक दिवस जाऊन यावं."

गोजाबाईनं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. कमरेवर हात ठेवले, भुवया चढवल्या, तोंड उघडलं. आतून आली फक्त उचकी. मागितली म्हणून शिंक येते का? तसंच. पोरं बिचारी लिमलेटच्या गोळ्या घेऊन कट्ट्यावर बसली.

तेवढ्यात एक लठ्ठ गृहस्थ धापा टाकत खिंडीत पोचले. चकचकीत काळे बूट, इस्त्रीची पँट, कपाळावरून घामाच्या धारा. त्यांना बघताच कट्ट्यावरचं टोळकं एकदम ताठ झालं. "गुड मॉर्निंग, सर!" सगळे एका सुरात. हे साहेबराव, पोरांच्या कंपनीचे सर्वांत मोठे साहेब. डॉक्टरांनी चढायला सांगितलं म्हणून आले होते. त्यांनी पोरांकडं बघून दोन बोटं हलवली, फ्रीजमधून स्वतःच्या हातानं बर्फासारखी थंड बाटली काढली, एका दमात निम्मी घशाखाली ओतली, आणि फोटो काढायला म्हणून खिंडीच्या टोकाच्या दगडी कठड्यावर चढून बसले. दरीकडं पाठ. पाय हवेत. फोन वर धरून मागं, मागं, आणखी थोडं मागं झुकत.

गोजाबाईनं बघितलं. या वेळी गिळायला सवडच मिळाली नाही.

"आरं ए! ए बाबा! उतर! उतर म्हंते न्हवं खाली! मागं कडा हाय रं, गादी न्हाई!"

साहेबरावांनी फोन खिशात घातला. ते उतरले.

"एवढा घोड्यावानी मोठा झालास, डोसक्यात काय भुसा भरलाय? घरी बायकापोरं असतील न्हवं? का त्यास्नी नुसता फोटूच पाठवणार हाईस? आन् ही बुटं! मांडवात मिरवायची बुटं घालून डोंगर चढतंय कुणी? ती बाटली आण हिकडं. आण! घाम बघ कसा धबाधबा गळतोय, आन् वरनं बर्फाचं पाणी ढोसतोय. छातीत कळ आली तर तुला खाली न्हेणार कोण? ह्ये आमचं म्हातारं? त्याला सोताचं धोतार आवरंना!"

दुकानाच्या कोपऱ्यातून डोकावणाऱ्या भिमाजींनी घाईनं धोतर आवरलं.

"बस त्या बाकावर. सावलीत बस. श्वास घे. आसा न्हाई, सावकाश. सकाळपासनं पोटात काय घातलंस?"

"काही नाही," साहेबराव पुटपुटले.

"काय न्हाई! आन् चाललाय वाघजाईला भेटाया! ती काय म्हणंल, ह्ये रिकामं पोतं कुणी धाडलं?"

बोलणं थांबलं तेव्हा गोजाबाईच्या लक्षात आलं की उचकीही थांबली आहे. आणि बाकी सगळंच थांबलंय. कट्ट्यावरची पोरं दगड झाली होती. अपेक्षानं दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. "आत्या," ती पुटपुटली, "ते कंपनीचे मोठे साहेब आहेत."

साहेबरावांनी रुमालानं तोंड पुसलं. मान खाली. खांदे हलत होते. आता काय लिहितोय हा माणूस, देव जाणे. मग त्यांनी मान वर केली तर काय, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"आई," ते म्हणाले, "अजून थोडं बोला ना."

"आँ?"

"कंपनीत मला शिंक आली तरी लोक 'छान, सर' म्हणतात. घरी बायकोसुद्धा बीपीला घाबरून गप्प असते. किती वर्षांनी कुणीतरी... बुटांवर अजून काही बोलायचं होतं का?"

पोरांतून कुणाचं तरी हसू सुटलं, आणि मग बांधच फुटला. निशिगंधा पोट धरून खाली बसली. "मावशी, आता मला! मला बोला!"

"तुला? आगं, ह्या उन्हात केसं मोकळी सोडून आलीस, काटंकुटं भरलंत त्यात, चिमण्यांनी घरटं करावं म्हणून वाढवलीस का? हिकडं ये." गोजाबाईनं तिला ओढून समोर बसवलं, फळीवरची फणी घेतली आणि बोलत बोलत तिची करकचून वेणी घालायला लागली. निशिगंधा 'आई गं' म्हणत होती आणि हसत होती.

आता रांग लागली. गोजाबाईला असा चेव चढला होता की काही विचारू नका. उलट्या बटणांचा माणूस वरून परतला तो स्वतःहून सदरा पुढं करून उभा राहिला. अनवाणी गृहस्थानं बूट गळ्यातच ठेवले, मुद्दाम. शेवटी प्रज्वल आला. "मावशी, माझं काय चुकलं?"

गोजाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझं? ह्या पोरीची पिशवी पायथ्यापासनं हितवर तू आणलीस. व्हय?"

"हो."

"तिला पाणी आधी दिलंस, मग सोता प्यालास. मी बगत हुते. आन् तोंडातनं शबुद फुटंना! तिनं काय पंचांग बघून वळखायचं व्हय रं? आसा मुका ऱ्हाशील तर पिशवीच उचलत बसशील जलमभर!"

प्रज्वलचे कान लाल झाले, मग मान, मग सगळा प्रज्वल. निशिगंधानं नवी घट्ट वेणी पुढं ओढली आणि तिच्या टोकाकडं बघत म्हणाली, "मला दिसायलंय की, मावशी. मी कवाची वाट बघायले, हा कधी बोलतो म्हणून."

काय आरडाओरडा झाला! पोरांनी शिट्ट्या मारल्या. भिमाजींनी दुकानात विकायला ठेवलेली पूजेची घंटा उचलून वाजवली. आणि प्रज्वल, 'बोल, बोल' म्हणून सगळे ओरडत असताना, पिशवी छातीशी धरून एवढंच बोलू शकला, "पिशवी जड नाहीये." निशिगंधानं कपाळावर हात मारला, पण हसू लपेना.

"चला, सगळ्यांचं तोंड गोड करा!" साहेबराव बाकावरून गरजले. "आई, दुकानातली सगळी क्रीमची बिस्किटं माझ्यातर्फे!"

बिस्किटांचा खोका अगदी वरच्या फळीवर होता. गोजाबाईला आता कशाचं भान! तिनं लुगडं खोचलं, प्लास्टिकचं स्टूल ओढलं, त्यावर चढली, तरी हात पुरेना म्हणून एक पाय पिठाच्या डब्यावर ठेवला आणि टाचा उंचावल्या. स्टूल डुगडुगलं.

"आत्या!"

डोंगरावर असा आवाज कुणी ऐकला नव्हता. गोजाबाई जागच्या जागी गोठली. दुधाला 'अहो' म्हणणारी अपेक्षा कमरेवर हात ठेवून, नाकपुड्या फुगवून उभी होती.

"खाली उतरा! आधी खाली उतरा, मग बोला! गुडघ्याला रोज दोन वेळा बाम मी चोळायचा आणि तुम्ही इथं माकडासारखं चढायचं? पडलात तर? मला हाक मारायला काय झालं होतं? नुसती जगाची काळजी! आणि ते डांबरगोळ्यांचं खोकं बिस्किटांना खेटून कुणी ठेवलं? शेवटचं सांगते, उतरा!"

गोजाबाई उतरली. मुकाट्यानं. तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसली आणि सुनेकडं बघत राहिली. अपेक्षा स्वतःच्याच आवाजानं पांढरीफटक पडली होती. "आत्या, मी... चुकून..."

"आगं बया," गोजाबाई म्हणाली. तिच्या छातीत काहीतरी गुदगुल्या करायला लागलं. "आगं बया बया बया! कुठं दडवून ठिवलं हुतंस ह्ये?"

आणि ती हसायला लागली. पोट हलवत, पदर तोंडात कोंबत, पोत्यावरून घसरत. अपेक्षा आधी भेदरून बघत राहिली, मग तिलाही हसू फुटलं, आणि ती सासूच्या शेजारी पोत्यावर कोसळली. भिमाजींनी दोघींकडं पाहिलं, स्टूल उचलून बाहेर ठेवलं, आणि साहेबरावांना काठी आणून दिली, खोका खाली ओढायला.