बंबामागची काठवट

मी बाभळीच्या खोडातून कोरलेली एक जुनी काठवट. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी आता काठवट नसेल, म्हणून सांगते. ज्वारीचे पीठ मळायची आणि त्यातच भाकरी थापायची उथळ लाकडी परात म्हणजे मी. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका स्वयंपाकघरात मी भिंतीला टेकून उभी असते. माझ्या मधोमध एक चीर आहे. ती कशी पडली, ते ऐका.

माझा जन्म टेंभुर्णीचा. रावजींच्या बांधावरची बाभूळ वठली, तेव्हा त्यांनी तिचे खोड धोंडीराम सुताराकडे दिले. त्याने ते सावलीत सावकाश वाळू दिले आणि मग वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या हत्याराने, कोरून मला आकार दिला. रावजींची मुलगी मथुराबाई लग्न होऊन सोलापूरला आली, तेव्हा मीही तिच्याबरोबर आले. तिचे यजमान एकनाथराव शाळेत शिक्षक होते. त्यांची मुलगी प्रेमला माझ्याच काठाला धरून उभी राहायला शिकली. मथुराबाईंच्या तळव्याची ऊब आणि ज्वारीचा वास, एवढेच माझे जग होते. "हिच्यात थापली की भाकरी फुगतीच," असे त्या शेजारणींना सांगत, आणि मला अभिमान वाटे.

पंचाहत्तर साली प्रेमला कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. त्या वर्षी परदेशी विद्यार्थ्यांना इथल्या घरांत ठेवण्याच्या एका योजनेतून नॉर्वे देशातली इंग्रिड नावाची मुलगी वर्षभरासाठी आमच्या घरी यायची होती. प्रेमलाने पडदे बदलले, कपबश्या नव्या आणल्या. मग तिची नजर माझ्यावर पडली. जमिनीवर बसून भाकऱ्या थापणारी आई आणि शेजारी काळपट लाकडाची मी. हे चित्र पाहुणीला दिसावे, असे तिला वाटेना.

मथुराबाई माहेरी गेल्या होत्या. प्रेमलाने मला उचलले आणि न्हाणीघरात पाणी तापवायच्या बंबामागे, जळणाच्या लाकडांखाली ठेवले. टाकून द्यायचे धाडस तिला झाले नाही. आई परत आल्यावर ती म्हणाली, "काठवटीला चीर गेली होती, आई. टाकून दिली मी."

मथुराबाई म्हणाल्या, "माज्या आबानं दिलेली व्हती गं." आणि पितळी परात घेऊन कामाला लागल्या.

मित्रांनो, तेव्हा माझ्या अंगावर केसाएवढीही चीर नव्हती. पण बंबाजवळ रोज सकाळी वाफेने लाकूड फुगे आणि दुपारी कोरड्या उष्णतेने आकसे. असे सतत झाले की लाकडाचे तंतू उसवतात. प्रेमलाचे खोटे हळूहळू माझ्या अंगावर खरे होत गेले. जळण कमी झाले की प्रेमला गुपचूप येऊन माझ्यावर नवी लाकडे रचून ठेवी. माझ्याकडे बघत मात्र नसे. ज्याला लपवतात त्यालाही आपली लाज वाटू लागते, हे मी तिथे शिकले.

इंग्रिड घरात रुळली. मथुराबाई तिला इंदू म्हणत. ती मोडके मराठी बोले, उरलेले प्रेमला इंग्रजीतून समजावून सांगे. डिसेंबरात मात्र ती गप्प होत गेली. एके दिवशी दुपारी ती न जेवताच उठली.

न्हाणीघर स्वयंपाकघराला लागूनच असल्याने मला सगळे ऐकू येई. मथुराबाईंनी विचारले, "इंदूला काय झालं गं?"

"उद्या त्यांचा नाताळ आहे. घरची आठवण येत असेल."

"मग सणाच्या दिवशी पोर उपाशी बसंल व्हय? विचार की तिला, त्यांच्यात काय करत्यात."

इंग्रिड बराच वेळ इंग्रजीत बोलली. प्रेमलाने सांगितले, "त्यांच्याकडे सातूच्या पिठाची मोठी, पातळ भाकरी करतात. तव्यावर भाजून वाळवतात. ती महिनोन्‌महिने टिकते. नाताळला तिची आजी करते."

मथुराबाई हसल्या. "म्हंजे आपली कडक भाकरीच की. त्येला काय लागतंय. कशात मळत्यात?"

प्रेमला अडखळली. "परातीत."

"परात नाही, आई," इंग्रिड स्वतःच मराठीत म्हणाली. "लाकूड. आजीचे लाकूड. असे." तिने हातांनी खोलगट आकार करून दाखवला असावा, कारण मथुराबाई लगेच म्हणाल्या, "काठवट! व्हती की माज्याकडं. पण चीर गेली, अन्‌ ती बी गेली."

प्रेमलाने हे इंग्रजीत सांगितले की नाही, कोण जाणे. मला फक्त परात खाली ठेवल्याचा आवाज आला.

शेवटी परातीतच पीठ घेतले. लाकूड ऊब धरून ठेवते, पितळ ती चटकन सोडून देते. ज्वारीच्या पिठाला मुळात चिकटपणा कमी, ते गार झाले की कडेने भेगाळते. एवढी मोठी भाकरी थापता थापता दोनदा मोडली. "आधण आजून पाहिजे," म्हणत मथुराबाई बंब पेटवायला आल्या. लाकूड ओढले, दुसरे ओढले, आणि त्यांचा हात माझ्या काठावर पडला. त्यांनी तो लगेच ओळखला.

त्या तिथेच बसल्या. पदराने माझ्यावरची राख पुसली. बोट चिरेवरून फिरवले. ती चीर नवी आहे, आतले लाकूड अजून पांढरे आहे, हे त्यांना कळले. दारात प्रेमला येऊन उभी होती. आई आता काय बोलेल, याची ती आणि मी दोघीही वाट पाहत होतो.

मथुराबाई मला कडेवर घेऊन आत गेल्या आणि इंग्रिडपुढे ठेवत म्हणाल्या, "ही बघ, घावली. मीच जळणात ठिवून इसरले. प्रेमा, सांग तिला, आमची आई लई इसरभोळी हाय."

प्रेमला भिंतीशी उभी राहिली. आईने पाहुणीपुढे तिची लाज राखली होती, आणि ते खोटे आता तिलाच स्वतःच्या तोंडाने सांगायचे होते. आईचे रागावणे तिला सोसले असते. हे सोसेना.

ती बोलू लागली. इंग्रजी मला कळत नाही, मित्रांनो. पण एक हात तिने स्वतःच्या छातीवर ठेवला होता. मग न्हाणीघराकडे बोट दाखवले, मग माझ्याकडे. आईकडे मात्र तिला बघवेना. इंग्रिडने ऐकून घेतले. मग सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"येवढ्याशा गोष्टीला येवढं काय सांगत व्हतीस?" मथुराबाईंनी विचारले.

"खरं ते सांगितलं," प्रेमला म्हणाली आणि खाली बसली.

"बरं. मग पीठ घे आता. गार होतंय."

त्या दिवशी माझ्यात तीन जोड्या हात होते. इंग्रिडची भाकरी वेडीवाकडी झाली, प्रेमलाची त्याहून वाईट. "कॉलेजात शिकून भाकरी नकाशावानी येतीय," मथुराबाई म्हणाल्या, तेव्हा कुठे प्रेमला रडली. भाकऱ्या रात्रभर शेगडीच्या उबेला टेकवून ठेवल्या. नाताळच्या सकाळी इंग्रिडने एक मोडली. ती कटकन वाजली, आणि तो आवाज ऐकून तिने डोळे मिटले.

इंग्रिड केव्हाच परत गेली. मथुराबाईंनी त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. माझ्या चिरेत मात्र अजून पीठ अडकते. ते प्रेमला काडीने कोरून काढते, मला पुसते, तेल लावते. हे काम ती दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

मित्रांनो, लाकडाला ओले ठेवू नका, फार तापवू नका, आणि जळणात तर लपवूच नका. चीर पडली की ती बुजत नाही. तिच्यासकट सांभाळणारे हात मिळाले तर भाकरी तेवढीच फुगते, इतकेच मी सांगू शकते.