शेजारी शेजारी दोन कपॅसिटर

डोंबिवली एमआयडीसीतल्या ‘कमळा सर्किट्स’ या कंपनीत कुठलाही नवा सर्किट बोर्ड छापायला जाण्याआधी त्याची पूजा होते. बोर्ड तळहाताएवढा असतो. तेवढ्यावर हळदकुंकू वाहून कोणाचं समाधान होत नाही, म्हणून त्याचा नकाशा चादरीएवढा छापून टेबलावर अंथरतात. मालक हर्षित यांच्या मातोश्री कमळाबाई त्यावर अक्षता टाकतात, नारळ फोडतात, खीर वाटतात, आणि मग फाईल ईमेलने रवाना होते. अक्षतांचा ईमेलवर नेमका काय परिणाम होतो हे कोणी तपासलेलं नाही. पण एकही फाईल आजवर वाटेत अडकलेली नाही, हेही खरं.

त्या दिवशी चादर आसावरीची होती. आजवर तिने टाकीचा पंप चालू-बंद करणारे बोर्ड दुरुस्त केले होते, तेही दुसऱ्यांनी काढलेले. हा पहिलाच अथपासून इतिपर्यंत तिचा. ठाण्याच्या एका गिऱ्हाइकासाठी कॅमेऱ्यातलं चित्र क्षणात पडद्यावर नेणारा. चित्र स्वच्छ आलं तर यापुढचे सगळे वेगवान बोर्ड तिचे. पडद्यावर मुंग्या आल्या, तर पुन्हा पंप.

फाईल संध्याकाळपर्यंत जायची होती. दुपारचा चहा झाल्यावर हर्षित चादरीवर वाकला आणि म्हणाला, “आयेचं नाव कुठंय?”

“आहे ना सर. इथे, कोपऱ्यात.”

“कोपऱ्यात? अगं, आपल्या प्रत्येक बोर्डावर आयेचं नाव बरोब्बर मधोमध असतं!”

“मधोमध हे दोन कपॅसिटर आहेत.”

हर्षितने पाहिलं. एका चिपमधून निघालेल्या दोन तारा हातात हात घातल्यासारख्या दुसऱ्या टोकाकडे निघाल्या होत्या. मध्यावर प्रत्येकीवर एकेक कपॅसिटर, अगदी खांद्याला खांदा लावून. हर्षितने मार्कर उचलला, त्या दोघांवरून ‘कमळा’ असं घसघशीत लिहिलं आणि म्हणाला, “सोप्पंय. एक ‘क’च्या अलीकडे सरकव, एक ‘ळा’च्या पलीकडे.”

“मग दोघेही ‘क’च्या अलीकडे घेते.”

“दोन मावत नाहीत तिथे. एकेकच मावतो.”

“मग नाही जमणार, सर.”

“बोटभर तर अंतर! पंपाच्या बोर्डात मी कपॅसिटर कुठल्या कुठे टाकलेला. टाकी भरली की नाही?”

“पंपाला घाई नव्हती, सर.”

खरेदी बघणारा महेंद्र खोकला. खोकला नसतानाही खोकणं हे त्याचं या कंपनीतलं सर्वात धाडसी काम होतं.

आता कमळाबाई पुढे सरकल्या. “बाय, त्या दोन उशा कसल्या?”

“काकू, या दोन चिपांच्या घरचा विजेचा दाब वेगवेगळा. इकडचा दाब तिकडे नेलेला चालत नाही. म्हणून आपण दारात चपला काढतो ना, तसा तो इथे उतरवायचा. निरोप तेवढा पुढे जातो.”

“मंग दोन कशाला?”

“निरोप या दोन्ही तारा मिळून नेतात. एक वर गेली की दुसरी खाली. पलीकडची चिप त्या दोघींमधला फरक वाचते. एक मागे राहिली की वाचनाचा बट्ट्याबोळ.”

“मना नाय कललं. दाखव.”

दाखवायला हाताशी खीर होती. आसावरीने एका लांब फळीवर मधोमध पातेलं ठेवलं. एक टोक हर्षितच्या हातात, एक महेंद्रच्या. दोघांनी शेजारी शेजारी चालत दारातून टेबलापर्यंत यायचं, पायपुसण्यावर पायातलं काढायचं, पण थांबायचं नाही.

पहिल्याच फेरीत महेंद्रच्या चपला सहज सुटल्या आणि हर्षित बुटाच्या नाडीशी झटापट करत तिथेच राहिला. पातेलं कलंडता कलंडता आसावरीने धरलं.

“म्हणून दोन्ही कपॅसिटर एकाच मापाचे,” ती म्हणाली. “सरांना चपला द्या.”

दुसऱ्या फेरीत चपलांचे दोन्ही जोड एकदम सुटले. खीर अशी आली, जणू पालखीत बसून. कमळाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

“आता तुमच्या पद्धतीने, सर. महेंद्रने चपला दारात काढायच्या, तुम्ही टेबलापाशी.”

महेंद्र दारात अडखळला, हर्षित ताडताड पुढे निघाला, फळी घड्याळाच्या काट्यासारखी फिरली, पातेलं घसरत घसरत हर्षितच्या बाजूला आलं आणि टेबलावरच्या चादरीच्या बरोब्बर मधोमध उपडं झालं. बेदाणे चिपच्या पायांत जाऊन बसले. महेंद्र या वेळी खरंच खोकला. त्याच्या नाकात वेलची गेली होती.

हसून हसून आसावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. कमळाबाई मात्र हसत नव्हत्या. त्या खिरीखालच्या मार्करच्या अक्षरांकडे बघत होत्या.

“हर्षित, चपला काढायची जागा ती हीच ना?”

“हो आये.”

“आन तितं तू माझा नाव घातलंस?”

हर्षितचा चेहरा पडला. “अगं, ती उपमा आहे! खऱ्या चपला थोड्याच—”

“देवलाच्या पायरीवर नाव घालतात ते मेलेल्याचा. मी जिती हाय.”

“मग कोपऱ्यातच राहू दे?”

“कोपऱ्यात झाडू ठेवतात!”

आसावरीने डोळे पुसले. “काकू, वरच्या बाजूला, बोर्डात वीज शिरते तिथे जागा आहे. सगळं तिथूनच सुरू होतं.”

“म्हंजे सगल्यांच्या आधी मी?”

“तुमच्यानंतरच बाकीचे.”

“लिव तितं.”

हर्षितने परंपरेविषयी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईने त्यात उरलेल्या खिरीचा चमचा घातला आणि चर्चा संपली. आसावरीने नाव हलवलं. कमळाबाईंनी मॉनिटरवर नाक टेकवून दोन्ही कपॅसिटर एका रेषेत असल्याची खात्री केली, मॉनिटरलाच कुंकू लावलं, आणि फाईल गेली.

पंधरवड्यानंतर ठाण्याला, गिऱ्हाइकाच्या टेबलावर, बोर्ड जोडला. पहिलं चित्र बघायला कमळाबाईही आल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर हर्षित उभा राहिला. आसावरीने बटण दाबलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

तिच्या डोळ्यांपुढून पंपामागून पंप जाऊ लागले.

“हर्षित,” कमळाबाईंचा आवाज आला, “कानाखालची दाढी राह्यलीय रे तुझी. पडद्यावर एकेक केस मोजून घे.”

आसावरीने डोळे न उघडताच उडी मारली.