हाताने केलेली काजं

शिंपीकाकांच्या दुकानात कापड बेतायचं काकांनी आणि कोटांची काजं हाताने करायची त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी. लग्न झाल्यापासूनची वाटणी. काकूंना तर काजाकडे बघावंही लागत नसे. दोरा कुठे सैल पडला ते बोटांच्या टोकांना कळायचं.

काकूंच्या आतड्याचा कॅन्सर ऑपरेशनने काढला, जखम भरली, दोघांनी हुश्श केलं. तेवढ्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, जवळच्या गाठींतही तो सापडलाय. परत उलटू नये म्हणून केमो घ्यायला हवी. सलाइन आणि गोळ्या दोन्ही घेतल्या तर भरवसा जास्त, पण सलाइनने बोटं बधिर होऊ शकतात, काही जणांची कायमची. नुसत्या गोळ्यांनी तो धोका नाही, भरवसा मात्र थोडा कमी. सोमवारी काय ते कळवा.

विषय काढला की काकू उठून जात. ही बया बोटांपायी जीव पणाला लावणार, असं काकांच्या मनाने घेतलं. जबरदस्ती करवेना. मग त्यांनी भलताच उद्योग आरंभला. दुपारी काकू वर आडव्या झाल्या की हे खाली काजं शिकायला बसत. चिंध्या संपल्या तेव्हा बहाद्दराने चक्क गिऱ्हाइकाच्या कोटाला हात घातला!

रविवारी काकू हळूहळू जिना उतरून दुकानात आल्या आणि नेमका तोच कोट हाती लागला. काजावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हे कोणाचं काम?"

"माझं. तुझी बोटं गेली तर जाऊ देत, काजं मी करीन," काका म्हणाले. "तू नसलीस तर मला हे दुकान नको, काही नको."

काकू स्टुलावर टेकल्या. "मला वाटलं, काजंच जमली नाहीत तर माझं इथे काय काम?"

"वेडी आहेस."

काकूंनी कात्री घेऊन ते काज उसवायला सुरुवात केली. "बसा इथे. गाठी काय मारल्यात, गोणी शिवताय का? आणि सुई जरा नीट धरा."

"किती दिवस लागतील शिकायला?"

"दिवस? मला दोन वर्षं लागली. तुमचा हात जड, तुम्ही दहा धरा." दोरा ओढून काढत त्या म्हणाल्या, "दहा वर्षं तुमच्या डोक्यावर बसायचं तर नुसत्या गोळ्यांवर कसं भागेल? उद्या डॉक्टरबाईंना सांगा, सलाइनही घेते म्हणून."