तिसऱ्या इंजिनाची तहान

वैमानिकांच्या पाठीमागे, भिंतीवरील काट्यांकडे तोंड करून जो बसतो, त्याच्या वाट्याला आभाळ फारसे येत नाही. अठ्ठावीस वर्षे मी चार इंजिनांच्या विमानावर फ्लाइट इंजिनिअर म्हणून त्या खुर्चीत बसलो, आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी चारही इंजिनांच्या तेलाचे आकडे पेन्सिलीने स्वतःच्या वहीत उतरवले. कंपनीची नोंदवही वेगळी होती. परंतु दुसऱ्याच्या अक्षरावर मी विमान सोडत नसे.

त्या सकाळी खिशात कंपनीचे एक पत्र होते. महिन्याभरात मी दोनदा विमान रोखले होते आणि दोन्ही वेळा काही निघाले नव्हते. तिसऱ्यांदा तसेच घडल्यास मला विमानावरून उतरवून कचेरीत बसवण्यात येईल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आणि त्याच सकाळी सहवैमानिकाच्या जागेवर, माझ्यासोबत प्रथमच, माझी मुलगी होती.

"तेल?" तिने यादीतली ओळ वाचली.

मी वहीची पाने मागे उलटली.

कॅप्टनने मान वळवली. "बोला, आज कोणत्या इंजिनाला सर्दी झाली?"

"तिसऱ्या इंजिनानं तीन उड्डाणांत तेलाचा थेंब घेतलेला नाही. काटा जागचा हललेला नाही."

"मग कौतुक करा की! निर्व्यसनी निघालं बिचारं."

"बाकीची तिन्ही पितात. हे एकटंच साधू कसं झालं?"

"अहो, तीनशे माणसं पट्टे बांधून बसलीत. लेकीसमोर तोंडघशी पडायची हौस आहे का?"

ती माझी बाजू घेईल किंवा खाली मान घालेल, असे मला वाटले. तिने यांपैकी काहीच केले नाही. वहीसाठी हात पुढे केला.

"मधे कोणी तेल भरलं असेल तर?"

"काटा भरलेली टाकी दाखवतोय. मग भरेल कोण?"

"भरून नोंद करायची राहिली असेल."

"बाकी तिन्हींची नोंद बरी करायची राहिली नाही!"

"आकडे लिहिताना चष्मा होता?"

कॅप्टन खो-खो हसला. ती हसली नाही. घरी जेवतानाही ती माझे प्रत्येक विधान असेच उलटेपालटे करते. तिची आई म्हणते, बाप परवडला, पण ही नको.

"होता," मी म्हणालो.

तिने आकडे पुन्हा एकदा वाचले. "आणि भरलं असतं, तरी तीनदा नेमका तोच आकडा आला नसता. कॅप्टन, टाकीचं झाकण उघडूनच बघायला हवं. उशिराच्या कागदावर माझीही सही घ्या."

कॅप्टनने उसासा टाकून खाली फोन लावला.

मी इंजिनाखाली जाऊन उभा राहिलो. मेकॅनिक शिडीवर चढला, त्याने टाकीत पट्टी घातली, पुसली, पुन्हा घातली.

"साहेब, तळाला जेमतेम तेल आहे! नळी गळतेय, आणि तेल मोजणारा तरंगता गोळा वरच अडकलाय."

कॅप्टनने कागदावर 'काटा नादुरुस्त' असे लिहिले. मुलीने कागद वाचून परत केला. "काटा स्वतःहून सांगायला आला नव्हता. 'फ्लाइट इंजिनिअरच्या वहीवरून लक्षात आले', असं लिहा."

"बापलेकीच्या कात्रीत सापडलो बुवा!" म्हणत त्याने ओळ बदलली. पत्र मी वहीत खूण म्हणून घातले.

दुपारी नळी आणि गोळा बदलून झाल्यावर तिने यादी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केली.

"तेल?"

"चारही व्यवस्थित," मी ताबडतोब म्हणालो.

ती तरीही मागे वळली, चारही काटे तिने स्वतः पाहिले, आणि मगच पुढची ओळ वाचली.