भरावावरचं ठेसन

ठेसन उंचावर बांधलं ते बोरी नदीच्या पुरापायी. गाव बुडालं तरी आगगाडी बुडू नये, एवढी अक्कल सरकारला होती. मोठा भराव घातला, त्यावर रूळ नेले, चढायला दगडी जिना केला. इथवर बठ्ठं ठीक. पण जिन्याच्या पायथ्याशी एक निंब होता. उरलेल्या दगडांचा गावानं त्याला पार बांधला, आणि गावातले म्हातारे त्या पारावर येऊन बसले ते बसलेच. दुपारची गाडी बघितल्याशिवाय त्यांना भाकर पचायची नाही.

आणि म्हातारे बसले म्हणून सुनांनी जिना चढायचा नाही! का? तर सासरा खाली बसलेला आणि सून त्याच्या डोक्यावर चढली, असं दिसायला नको. मग सुनांनी जायचं कुठून? मागून. भरावाच्या उतारावरून, मुरुमात घसरत, बाभळीचे काटे तुडवत, हातापायांवर. शेळ्या मात्र जिन्यानं खुशाल वर जायच्या. त्यांना सासरा नव्हता ना!

माझ्या मेलेल्या भावाची पोर, पमी, त्या गावात दिलेली. मी तिची फुई, भिकुबाई. पमीची आई, म्हणजे माझी वहिनी, पिंप्राळ्याला अंथरुणाला खिळली होती. वैद्यानं हात टेकले तेव्हा तिनं माझा हात धरला. "पमीले आन व माय. तिनं तोंड पाहीसन जाऊ दे माले." घरात गडीमाणूस नाही, म्हणून मीच सकाळच्या गाडीनं निघाले. तिला सांगून गेले, पोरीला आजच घेऊन येते.

पमी पोटुशी होती. आईचं ऐकलं तशी ती चुलीपुढून उठली आणि गाठोडं बांधायला लागली. सासूनं पाठवायला नाही म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू? पमीचा नवरा अभिमन गाठोडं घेऊन आमच्याबरोबर निघाला. परतायला दुपारची एकच गाडी होती. ती चुकली की दुसऱ्या दिवसाची दुपार.

पाराशी आलो तर सगळी बैठक भरलेली. मधोमध पमीचा सासरा, चुडामण आबा, काठीवर हनुवटी टेकून. पमीनं पदर नाकापर्यंत ओढला आणि थांबली. मी पुढं झाले, हात जोडले.

"आबा, जराखा उठा. पोरनी माय मरी ऱ्हायनी. ती वर गई का मंग बसा."

चुडामण आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मांगथीन रस्ता शे ना?"

"तिच्या पोटाकडं तरी बघा!"

"आमन्या बाया बठ्ठ्या तशाच गयात. सून काय सासराना डोकावर चढी?"

दोघातिघांनी माना खाली घातल्या, पण जागचा कोणी हलला नाही. पहिला उठेल त्याची इज्जत जाणार होती ना! मी पमीचा दंड धरला. म्हटलं, चल माझ्यामागं, काय व्हायचं ते होऊ दे. तिनं हात सोडवून घेतला.

"फुई, माले परत याच घरमा येनं शे. तू जाय वर. मी मांगथीन येस."

अभिमन गाठोडं घेऊन जिन्यानं वर आला. पुरुषाला जिना मोकळा. बायकोला हात द्यायला मागं जाईल तर शप्पथ! बाप बघत होता ना. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

गाडी आली. मी गार्डाच्या पाया पडले, पोर चढतेय बाबा, थांब जरा. तो म्हणाला, "बाई, ही काय तुझी बैलगाडी आहे?" आणि हिरवी झेंडी दाखवली. भरावाच्या कडेला आधी पमीचे हात दिसले, मग पदर, मग तोंड. गुडघे फुटलेले, तळव्यांत काटे. शेवटचा डबा तिच्यासमोरून निघून गेला. ती तिथंच मुरुमात बसली. रडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पिंप्राळ्याचा आमचा शेजारी, हिलाल, निरोप घेऊन आला. वहिनी रात्रीच गेली. शेवटपर्यंत दाराकडं बघत होती म्हणे. पहाटे तिला दिलासुद्धा अग्नी.

दुपारी आम्ही पुन्हा निघालो. पारावर तीच बैठक. पण आज पमी दिसली तसे चुडामण आबा काठी टेकत उठले, आणि त्यांच्यामागं एकूण एक म्हातारा उठला. आमच्याकडं रीतच आहे, ज्याच्या घरचं माणूस गेलं तो समोरून चालला की बसलेल्यानं उभं राहायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"मेल्यांनो, काल उठायला काय धाड भरली होती?" मी ओरडले. "मेलेलीसाठी उठता येतं तुम्हाला!"

चुडामण आबा जिन्याकडं हात करून म्हणाले, "जाय बेटा, चढ. आम्ही उभा शेतस."

पमी सासऱ्याशी कधी तोंड उघडून बोललेली नव्हती. तिनं पदर मागं सारला.

"बसा आबा."

"जाय, गाडी ई लागनी."

"बसा. माले आते घाई नही."

नदीच्या पुलावरून गाडीची शिट्टी आली. अभिमन वरून हाका मारत होता. पमी हलली नाही, म्हाताऱ्यांकडं बघत उभी राहिली. शेवटी चुडामण आबा बसले. मग बाकीचे एकेक करून बसले. सगळे बसल्याचं बघून पमीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि जिन्याच्या मधोमध, सावकाश, वर चढून गेली.