वीस मणी, चाळीस खळगे

मी काचेच्या झाकणाचा एक लाकडी खोका बोलतोय. हळू बोलतोय, कारण आवाज चढवला तर आतला एखादा मणी जागचा हलेल अशी मला धास्ती आहे. माझ्या पोटात चाळीस उथळ खळगे आहेत आणि वीस लाल मणी. एका खळग्यात एकच मणी मावतो.

माझा जन्म कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, एका मोडक्या कपाटाच्या फळीतून झाला. खळगे कोरता कोरता सुतार म्हणाला, "सर, हे खेळणं कुठल्या बाळासाठी?"

"बावीस वर्षांच्या बाळांसाठी," सर म्हणाले. "फळ्यावरचं त्यांच्या डोक्यावरून जातं."

सर सांख्यिकी भौतिकी शिकवायचे. हवेतला एकेक रेणू कुठे आहे ते सांगता येत नाही, पण सगळे मिळून कसे वागतील ते सांगता येतं, असं ते शास्त्र. मला टेबलावर सपाट ठेवून ते दोन्ही हातांनी हलवायचे. "मणी किती प्रकारे बसू शकतात? तेरा हजार सातशे कोटींहून जास्त! आणि प्रत्येक प्रकाराची शक्यता अगदी सारखी. इथे कोणी लाडका नाही, कोणी दोडका नाही." बंद खोक्याच्या या हिशेबाला ते मायक्रोकॅनॉनिकल समूह म्हणत. प्रकार जितके जास्त तितकी एन्ट्रॉपी जास्त. त्याचं सूत्र त्यांनी पेन्सिलने माझ्या पाठीवरच लिहिलं होतं: S = k ln W.

मग ते माझ्या एका बाजूखाली पुस्तक सारायचे. आता वरचे खळगे जास्त ऊर्जेचे, खालचे कमी. "हलवणं म्हणजे तापमान. हळू हलवलं तर मणी तळाशी राहतील. जोरात हलवलं तर काही वरही चढतील. हा झाला कॅनॉनिकल समूह. खळग्याची ऊर्जा वाढली की तिथे मणी असण्याची शक्यता झपाट्याने घटते. पण ती काय होत नाही?"

"शून्य!" सगळा वर्ग ओरडायचा.

मुलं हसायची आणि माझ्या फळीला कापरं भरायचं. शून्य होत नाही, म्हणजे नको ते कधीही घडू शकतं.

त्याहून भीती वाटायची ती माझ्या कडेच्या छोट्या दाराची. ते उघडून हलवलं की आतले मणी शेजारच्या ताटलीत जायचे, ताटलीतले आत यायचे. आत किती मणी असतील तेही ठरलेलं नाही. हा ग्रँड कॅनॉनिकल.

"सर, आमच्या वर्गासारखं," मागून एक मुलगी म्हणाली. "आत किती जण आहेत कोणालाच माहीत नाही."

"सरासरी निघते," सर म्हणाले. "तू बसत जा, म्हणजे जरा वाढेल."

शेवटचं त्यांनी मला घरी हलवलं, जेवणाच्या टेबलावर. आपल्या मुलीला काहीतरी दाखवत होते. मणी थांबले, तिने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सर दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत.

मी टेबलावरच राहिलो. त्यांची बायको एका कोपऱ्यावर ताट ठेवून जेवायची. पाहुण्याने माझ्याजवळ कप ठेवला तरी ती तो उचलून दुसरीकडे ठेवायची. मला कोणी हात लावायचा नाही. ती मात्र रोज मऊ कापडाने माझी काच पुसायची.

परवा मुलगी आली. सरांचा विषय आता तिला शिकवायला मिळाला आहे.

"आई, सोमवारी माझा पहिला तास आहे. खोका नेऊ?"

"दुसरा करून घे."

"अगं, हा धूळ खात..."

"धूळ कुठे दिसते तुला? ह्यांनी हलवल्यावर मणी बसले तसेच आहेत. तू उचललास की गेलं सगळं. पुन्हा तसेच बसतील? सांग ना, तूच शिकवतेस."

उत्तर मुलीला पाठ होतं. तिने मोबाइल काढला. "त्या दिवशीचा फोटो आहे माझ्याकडे. मोठा करून भिंतीवर लावू."

"बघू."

माझं लाकूड गार पडलं. रस्त्यावरून अवजड गाड्या जातात, दारं आपटतात, खळगे उथळ आहेत. आत काय झालंय ते मला ठाऊक होतं, पण सांगायचं कसं? आईने मोबाइल काचेवर ठेवला आणि बोटाने एकेक मणी ताडून पाहू लागली. दुसऱ्या ओळीत बोट थांबलं. मग चौथ्या ओळीत.

"हे तसं नाहीये गं. कोणी हात लावला?"

"इथे तुझ्याशिवाय असतं कोण?"

"मी तर नुसती पुसते."

"रोज?"

"मग? त्यांच्या वस्तूवर धूळ बसू देऊ?"

मुलगी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. "हलवणं म्हणजे तापमान, असं बाबा म्हणायचे. इतके दिवस तूच हलवत होतीस, आई. थोडं थोडं."

आईने मोबाइल काचेवरून उचलून बाजूला ठेवला. आता मी माळ्यावर जाणार, असं मला वाटलं. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि पीठ चाळावं तसं गदागदा हलवलं. वीसच्या वीस मणी खडखडले. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळे नाहीत, नुसती काच आहे.

"ने," ती म्हणाली. "पण संध्याकाळी परत आण. मणी मोजून घेणार आहे मी."

आज सोमवार. मी वर्गातल्या टेबलावर आहे आणि समोर सगळे अनोळखी चेहरे. मुलीचे तळवे माझ्या दोन्ही बाजूंना टेकलेत. अजून तिने हलवायला सुरुवात केलेली नाही, तरी मी थरथरतोय. म्हणजे घाबरलेला मी एकटाच नाही.

मुलांनो, मणी कसे बसतील ते मला विचारू नका. थोड्या वेळाने ही माझं कडेचं दार उघडेल. एखादा मणी बाकाखाली घरंगळला, तर तेवढा शोधून द्या. आत किती असतील ते ठरलेलं नसतं, हे मी वर्षानुवर्षं ऐकलंय. पण घरी एक जण वीस मोजायला बसली आहे.